आधी छप्पर, मग शपथ

व्यसनमुक्ती हा शब्द आपल्या धर्मग्रामांना आता नवा राहिलेला नाही. उपवासकाळात त्यावर प्रवचने होतात, महिला मंडळे फलक लावतात, युवक पथनाट्ये करतात आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांसाठी अनेक चर्चनी आपल्या शाळांचे वर्ग संध्याकाळी मोकळे करून दिले आहेत. हे सारे स्वागतार्हच आहे. मात्र या साऱ्या खटाटोपात एक प्रश्न आपण कटाक्षाने टाळत आलो आहोत. व्यसनमुक्ती केंद्राचे दार ज्या सकाळी बाहेरच्या बाजूने उघडते, त्या सकाळी ज्याला परत जायला घरच उरलेले नाही, त्याने जायचे कुठे?

उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. तो स्टेशनवर जातो. एखादी रात्र बहिणीच्या ओट्यावर, एखादी जुन्या मित्राच्या खोलीत काढतो आणि मग पुन्हा फलाटावर, पुलाखाली किंवा बंद दुकानाच्या पायरीवर येतो. तिथे त्याचे जुने सोबती असतात आणि त्या सोबत्यांच्या हातात बाटली असते. पंधरा दिवसांनी तो झिंगलेला दिसला, की आपण मान हलवून म्हणतो, ‘एवढे केले त्याच्यासाठी, पण गडी सुधारलाच नाही.’ मला या वाक्याविरुद्धच लिहायचे आहे. आपण त्याच्यासाठी बरेच काही केले असेल, परंतु ज्यावाचून बाकीचे सारे पाण्यात जाते, तेवढेच नेमके केलेले नाही. त्याला आपण दार दिले नाही, आणि त्या दाराची किल्लीही दिली नाही.

दारू आणि बेघरपण यांचे नाते आपण फार सोपे करून ठेवले आहे. माणूस प्यायला लागला, नोकरी गेली, बायको माहेरी गेली, भावांनी हाकलले, म्हणून रस्त्यावर आला, असा एकाच दिशेने धावणारा हिशेब आपण मांडतो. अनेकांच्या बाबतीत तो खराही असतो. पण रस्त्यावर आल्यानंतर हे चक्र उलटे फिरू लागते, इकडे आपले लक्ष जात नाही. उघड्यावर झोपणाऱ्याला झोप लागत नाही. डास, पाऊस, चोरी, पोलिसाची काठी आणि कुणीतरी लाथ मारील ही धास्ती यांतून सुटण्यासाठी तो पितो. आपण ज्याला चैन म्हणतो, ती त्याच्या लेखी गुंगीची गोळी असते. शिवाय पत्ता नाही म्हणून कागदपत्रे होत नाहीत, कागदपत्रे नाहीत म्हणून काम मिळत नाही, आणि मिळालेच तर आंघोळीला जागा नसल्यामुळे चार दिवसांत सुटते. डॉक्टरांनी दिलेली औषधे ठेवायची कुठे? उशाखालची पिशवीही सकाळी जागेवर असेल याची खात्री नसते.

याहून गंभीर गोष्ट वैद्यकशास्त्राची आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू थांबवली, तर हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो. वेळीच उपचार झाले नाहीत तर प्राणही जाऊ शकतो. म्हणून दारू सोडवण्याचे पहिले दिवस वैद्यकीय देखरेखीखाली जावे लागतात. अशा माणसाला फुटपाथवर गाठून ‘आजपासून थेंबही घेऊ नकोस, मग तुझे काय ते बघू’ असे सांगण्यात करुणा नाही. त्यात अज्ञान आहे, आणि कधी कधी क्रौर्यही.

या ‘मग बघू’मध्येच आपल्या साऱ्या धोरणाचे मर्म दडलेले आहे. आधी दारू सोड, मग काम शोध, मग वागणूक सुधार, आणि या सगळ्या पायऱ्या चढून वर आलास की अखेरीस घर. म्हणजे घर हे बक्षीस! शाळेत पहिल्या आलेल्या मुलाला द्यायचे पदक! ही शिडी पुष्कळ देशांनी पुष्कळ वर्षे वापरून पाहिली. सर्वांत अशक्त माणसालाच सर्वांत आधी तिच्यावरून ढकलले जाते, असा सर्वत्र अनुभव आला.

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने ही शिडी उलटी केली. त्यांच्या संस्थेने रस्त्यावर राहणाऱ्या, मनोविकार आणि व्यसन यांनी ग्रासलेल्या माणसांना आधी स्वतंत्र घर दिले. घर मिळण्यासाठी दारू सोडण्याची अट नव्हती, आणि पुन्हा प्यायला म्हणून घर काढून घेण्याची धमकीही नव्हती. मात्र घर देऊन कार्यकर्ते मोकळे झाले नाहीत. ते घरी येत राहिले. औषधपाणी, कामधंदा, भाड्याचा हिशेब, शेजाऱ्यांशी उडालेले खटके, या सर्वांत सोबत करीत राहिले. ‘हाउसिंग फर्स्ट’, म्हणजे ‘आधी घर’, या नावाने ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. तिचे दोन पाय आहेत, एक छप्पर आणि दुसरा आधार. यांपैकी एक पाय कापला की ती लंगडी पडते.

सिएटल शहरात २००५ साली याच तत्त्वावर एक इमारत उभी राहिली. रस्त्यावर राहणाऱ्या आणि वर्षानुवर्षे मद्यात बुडालेल्या पंचाहत्तर जणांसाठी ती होती, आणि त्यांना आपल्या खोलीत पिण्याचीही मनाई नव्हती. साहजिकच गदारोळ झाला. करदात्यांच्या पैशांवर दारुड्यांची सोय, अशी टिंगल झाली आणि शेजारच्यांनी न्यायालयात धाव घेतली. पुढे संशोधकांनी तिथे राहिलेल्या पंचाण्णव जणांची तुलना प्रतीक्षायादीवर थांबलेल्यांशी केली. २००९ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालय, तुरुंग, रुग्णवाहिका आणि व्यसनोपचार यांवर होणारा खर्च, घराचा खर्च धरूनही, पहिल्या सहा महिन्यांत प्रतीक्षायादीवरील लोकांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाला होता. आणि ज्यांना ‘पिऊ नका’ असे कुणी बजावले नव्हते, त्या रहिवाशांचे पिणे पुढील दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरत गेले. त्यांना उत्तेजन मिळाले असते तर पिणे वाढायला हवे होते. ते वाढले नाही.

फिनलंड या छोट्याशा देशाने तर हे राष्ट्रीय धोरणच केले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे अठरा ते वीस हजारांच्या घरात बेघर होते. २००८ पासून सरकार, नगरपालिका आणि स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र येऊन रात्रनिवारे बंद करायला घेतले आणि त्यांचे रूपांतर स्वतंत्र सदनिकांत केले. प्रत्येकाला आपल्या नावाचा भाडेकरार आणि आपल्या दाराची किल्ली मिळाली. जिथे एका दालनात ओळीने खाटा होत्या, तिथे घरे झाली. २०२३ साली त्या देशातील बेघरांची संख्या सुमारे तीन हजार चारशेवर आली होती. २०२४ मध्ये मात्र, सामाजिक खर्चाला कात्री लागल्यानंतर, ती बऱ्याच वर्षांनी प्रथमच वाढली. या वाढीतही धडा आहे. आधार काढला की छप्परही टिकत नाही.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण अर्धसत्याच्या बळावर चांगली बाजू मांडू नये. घर दिले की दारू सुटतेच, असे कोणताही अभ्यास सांगत नाही. २००९ ते २०१३ या काळात कॅनडाने पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर मनोरुग्णांवर मोठा प्रयोग केला. त्यांतील बऱ्याच जणांना व्यसनही होते. प्रयोगाच्या शेवटच्या सहा महिन्यांत, आधी घर मिळालेल्यांपैकी बासष्ट टक्के लोक संपूर्ण काळ घरात टिकून होते. नेहमीच्या सेवांवर सोडलेल्यांत हे प्रमाण एकतीस टक्के होते. व्यसनाच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. म्हणजे घर ही जादूची कांडी नव्हे. घर हे जमिनीसारखे आहे. जमीन असली म्हणून पीक येतेच असे नाही. पण जमीनच नसेल तर बियाणे कितीही उत्तम असले तरी ते पेरायचे कुठे?

आता आपल्या घरच्या परिस्थितीकडे वळू. आपल्याकडे बियाण्याची वाण मुळीच नाही. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत स्थापन केलेल्या कृपा फाउंडेशनने आणि डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने महाराष्ट्राला व्यसनमुक्तीची भाषा शिकवली. मद्यपी हा पापी नसून रोगी आहे, हे आपल्या मनात रुजवण्याचे श्रेय अशा संस्थांचे आहे. पण रोग्याला केंद्रात ठेवण्याची मुदत ठरलेली असते, आणि ती संपल्यावर त्याला कुठेतरी पाठवावेच लागते. ते ‘कुठेतरी’ निर्माण करणे हे त्या संस्थांचे एकट्याचे काम नव्हे. ते आपले काम होते. आपण ते केले नाही.

गरज किती मोठी आहे, हेही पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले सुमारे पावणेसहा कोटी लोक देशात आहेत. दारूवर अवलंबून असलेल्या दर अडतीस जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा तर दर एकशे ऐंशींत एक. २०११ च्या जनगणनेने बेघरांची संख्या सुमारे पावणेअठरा लाख सांगितली. त्यांतले सगळे मद्यपी नव्हेत, आणि बहुतेक मद्यपी बेघर नव्हेत. पण ही दोन दुःखे ज्या माणसात एकत्र येतात, त्याला दोन्ही यादींतून वगळले जाते. रात्रनिवारा म्हणतो, पिऊन येऊ नकोस. केंद्र म्हणते, नातेवाईक घेऊन ये.

कायदा याबाबतीत आपल्या पुढे गेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थ यांच्याशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे. रुग्णालयाबाहेर आधारासह निवासाची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. एवढेच नव्हे, तर कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. त्याआधी, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा असावा असे बजावले होते. पण निवारा म्हणजे घर नव्हे. निवाऱ्यात रात्र काढता येते. आयुष्य उभे करता येत नाही. घराचे वचन अजून बहुतांशी कागदावरच आहे, आणि ते कागदावरून खाली उतरावे म्हणून आपल्यापैकी कितीजणांनी नगरसेवकाला वा आमदाराला एक साधे पत्र लिहिले आहे?

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते आहेत आणि सगळेच दुष्टपणाचे नाहीत.

पहिला आक्षेप असा : इथे राबणाऱ्या माणसाला घर मिळत नाही आणि तुम्ही दारुड्याला घर द्यायला निघालात! मुंबई-वसईच्या पट्ट्यात खोलीच्या भाड्यापायी ज्यांचा अर्धा पगार जातो, त्यांच्या तोंडून हा आक्षेप आला तर मी तो आदराने ऐकेन. पण एका गरिबाला दुसऱ्या गरिबाच्या अंगावर घालून कुणाचाच प्रश्न सुटत नाही. राबणाऱ्याला घर मिळत नाही याचे कारण फलाटावरचा मद्यपी नव्हे. जमिनीचे सौदे कुणी केले आणि सदनिका गुंतवणूक म्हणून कुलूपबंद कुणी ठेवल्या, याचा शोध घेत गेलो तर बोट कदाचित आपल्याच गावातल्या सभ्य उंबऱ्यांकडे वळेल.

दुसरा आक्षेप बायकांचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ज्या स्त्रीने वीस वर्षे मार खाल्ला, दागिने गहाण पडताना पाहिले, मुलांना अर्धपोटी झोपवले, ती विचारील, ‘त्याला घर? आणि माझे काय?’ तिला मी एवढेच सांगेन की आधारासह दिलेले घर तिच्या विरुद्ध नाही. ते तिच्याही सुटकेसाठी आहे. आज तिच्यापुढे दोनच वाटा आहेत. त्याला घरात घ्यावे आणि पुन्हा मार खावा, किंवा घराबाहेर ठेवावे आणि ‘नवऱ्याला रस्त्यावर काढले’ हा गावाचा शेरा सोसावा. समेट कर, क्षमा कर, असा उपदेशही तिलाच केला जातो. नवऱ्याला राहण्यासाठी वेगळी, सुरक्षित, देखरेख असलेली जागा असेल, तर तिला तिसरी वाट मिळते. क्षमा करायची की नाही, हे मग ती निर्धास्तपणे आणि आपल्या सवडीने ठरवील. आणि व्यसनात सापडून बेघर झालेल्या स्त्रियाही असतात, ज्यांचा उल्लेखसुद्धा आपण करीत नाही. त्यांच्यासाठी अशी जागा स्वतंत्रच हवी.

तिसरा आक्षेप नीतीचा : ‘आपण पापाला थारा देतो आहोत.’ हा आक्षेप ऐकला की मला थोडी गंमत वाटते. ज्या समाजाच्या लग्नात टेबलावर बाटली नसेल तर पाहुणे नाके मुरडतात, ज्याच्या सणाला आणि कधी कधी मयतालाही दारू लागते, त्या समाजाने पापाच्या थाऱ्याची चिंता रस्त्यावरच्या माणसापासून सुरू करावी, हे आश्चर्यच! त्याचा पहिला प्याला त्याला गुत्त्यावर नव्हे, तर बहुधा आपल्याच मांडवात मिळाला होता. प्याला देताना आपण त्याची पात्रता पाहिली नाही. खोली देताना मात्र ती पाहायची?

मॅट टॅल्बट या डब्लिनच्या हमालाचे उदाहरण आपल्याकडे प्रवचनांत वारंवार येते. किशोरवयापासून मद्यात बुडालेल्या या कामगाराने १८८४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, दारू सोडण्याची शपथ घेतली आणि १९२५ साली रस्त्यात कोसळून मृत्यू येईपर्यंत ती पाळली. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘पूजनीय’ म्हणून गौरविले. इच्छाशक्ती आणि प्रार्थना यांचा विजय म्हणून आपण ही कथा सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्या कथेचा एक भाग आपण गाळतो. शपथ घेतली त्या दिवशी मॅट यांच्यामागे आईचे घर होते. हाताला काम होते, सल्ला देणारे धर्मगुरू होते आणि पुढे आयुष्यभर, कितीही साधी का असेना, एक खोली होती. त्या खोलीत ते गुडघे टेकीत. फलाटावर राहणाऱ्या आपल्या मॅटने गुडघे कुठे टेकायचे?

दयाळू शोमरोनीच्या दाखल्यातही आपण असेच एक पात्र विसरतो. जखमा बांधणारा शोमरोनी सर्वांना आठवतो. उतारशाळेचा मालक कुणालाच आठवत नाही. वास्तविक शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला निघून गेला. जखमी माणूस राहिला तो उतारशाळेत, मालकाच्या सांभाळाखाली. शोमरोनीने पैसे दिले, अधिक लागले तर परत आल्यावर देईन असे सांगितले, आणि परत येण्याचे वचन दिले. जागा, सांभाळ, खर्च आणि पुन्हा भेट. आज ज्याला आपण आधारासह निवास म्हणतो त्याची चारही अंगे त्या दाखल्यात आहेत. आपल्या धर्मग्रामांत शोमरोनी पुष्कळ झाले. उतारशाळाच नाही.

ती उभारण्यासाठी फिनलंडची तिजोरी लागत नाही. सुरुवातीला तीन-चार खोल्या पुरेत. अनेक धर्मग्रामांकडे वापरात नसलेली जुनी घरे, शाळेमागच्या खोल्या, विश्वस्तांच्या ताब्यातील जागा आहेत. अनेक कुटुंबांची परदेशी गेलेल्या मुलांच्या नावे बंद घरे आहेत. खोली त्या माणसाच्या नावाने द्यावी, लेखी करार करून द्यावी, आणि तो कमावू लागला की त्याच्या मिळकतीच्या मानाने भाडेही घ्यावे, कारण भाडे भरणारा माणूस आश्रित राहत नाही. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राशी आणि सरकारी रुग्णालयाशी बोलून उपचाराची सोय लावावी. रोज डोकावणारा एक पगारी, प्रशिक्षित कार्यकर्ता नेमावा. हे काम केवळ सेवाभावी उत्साहावर सोडू नये, कारण उत्साह पावसाळ्यापर्यंत टिकतो आणि माणूस पावसाळ्यातच पडतो. मारहाण, चोरी आणि शेजाऱ्यांना उपद्रव यांना थारा नाही, हा नियम कडक असावा. पण तो पुन्हा प्यायला, एवढ्यासाठी त्याचे सामान रस्त्यावर ठेवू नये. मधुमेहाच्या रोग्याने लाडू खाल्ला म्हणून आपण त्याचे इन्सुलिन बंद करीत नाही.

खर्चाचे काय, असे विचारणाऱ्यांनी आपल्या एका सणाचा रोषणाई, बँड आणि फटाके यांचा हिशेब काढावा व शेजारी तीन खोल्यांच्या वर्षभराच्या भाड्याचा आकडा मांडावा. मी कोणताही आकडा देत नाही. प्रत्येक धर्मग्रामाने तो स्वतःच मांडावा आणि स्वतःच वाचावा.

तेव्हा वाचकहो, धर्मग्राम परिषदेच्या येत्या बैठकीत व्यसनमुक्तीचा विषय निघेलच. तेव्हा आणखी एका व्याख्यानाचा ठराव होऊ देऊ नका. उभे राहून दोनच प्रश्न विचारा : आपल्या हद्दीत आज रात्री उघड्यावर झोपणारे आपले किती जण आहेत? आणि आपल्या ताब्यात आज रात्री रिकाम्या असणाऱ्या खोल्या किती? दोन्ही संख्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला लावा. त्यानंतर कुणी शपथेचा विषय काढला, तर त्याला नम्रपणे सांगा की शपथ घ्यायची पहिली पाळी आपली आहे.